शैक्षणिक कर्ज: तारण, विद्यालक्ष्मी आणि बाबांचं थकलेलं पीककर्ज

कोरडवाहू_लेक

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत पुण्यातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) मिळालं आहे. आम्ही मराठवाड्यातले, ओबीसी. बाबांची साडेचार एकर कोरडवाहू, तूर आणि सोयाबीन. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला १ लाख ८० हजारांचा आहे. मी लग्न होऊन पुण्यात, छोटी नोकरी करते.

कॉलेजची फी वर्षाला १,३०,००० (ट्यूशन १,१५,००० आणि डेव्हलपमेंट १५,०००). खोली आणि मेस मिळून ८०,००० धरलेत. म्हणजे वर्षाचे २,१०,००० आणि चार वर्षांचे ८ लाख ४० हजार.

बाबा तालुक्याच्या गावी एका सरकारी बँकेत जाऊन आले. साहेबांनी फाईल उघडलीही नाही. "एवढ्या रकमेला तारण लागतं, शेतजमीन आम्ही घेत नाही, आणि तुमचं सोसायटीचं पीककर्ज थकलंय," एवढं बोलून पुढच्या माणसाला हाक मारली. बाबा तिथूनच मला फोन करून म्हणाले, "राहू दे, त्याला इथंच बीएस्सीला घालू."

इकडे घरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की मोदी सरकार १० लाख बिनव्याजी देतं. खरं काय आहे? तारण नसेल तर खरंच काहीच होत नाही का? प्रवेश निश्चित करायची मुदत जवळ आली आहे, जाणकारांनी लवकर सांगावं.

परसदार

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मोठ्या उद्योगपतींना हजारो कोटी, आणि आपल्या पोरांना "तारण आणा". आमच्या गावात तीन पोरांनी अर्ज केले, एकालाही मिळालं नाही. सावकार बरा म्हणायची वेळ आणली आहे.

शाखेबाहेरचा

परसदार, सावकाराचं नाव तेवढं नका काढू. तीन टक्के महिना म्हणजे छत्तीस टक्के वर्षाला.

कोरडवाहू_लेक, मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालोय, शेवटची काही वर्षं कर्ज विभागातच होतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांचा घोळ एकाच जागी होतो. लोक 'सरकारी कर्ज' म्हणतात तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली, कर्ज. ते बँकच देते, स्वतःच्या पैशातून. सरकार विद्यार्थ्याला थेट कर्ज देत नाही. बहुतेक सरकारी बँकांच्या योजना इंडियन बँक्स असोसिएशनच्या, म्हणजे आयबीएच्या आदर्श योजनेवर बेतलेल्या आहेत. त्यात ४ लाखांपर्यंत मार्जिन नाही. त्यावर देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के मार्जिन, म्हणजे खर्चातला तेवढा वाटा तुमचा. आणि साडेसात लाखांपर्यंत तारण नाही. हा आकडा वहीत लिहून ठेवा, तुमचं सगळं गणित त्यावर फिरणार आहे.

दुसरी, हमी. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पत हमी निधीतून ७५ टक्के हमी मिळते. २०१५ पासून ही सोय आहे. त्या हमीखाली कर्ज दिलं की बँकेला तारणही मागता येत नाही आणि बाहेरचा जामीनदारही मागता येत नाही. पण नीट समजून घ्या, ही हमी बँकेला आहे. मुलानं हप्ते बुडवले तर सरकार बँकेचं नुकसान सोसतं, मुलाचं कर्ज माफ होत नाही. वसुली त्याच्याकडून चालूच राहते.

तिसरी, व्याज अनुदान. तुमच्या ग्रुपवरचा 'बिनव्याजी' हा शब्द इथून आला आहे. यातही दोन वेगळ्या योजना आहेत. जुनी २००९-१० पासूनची केंद्रीय व्याज अनुदान योजना. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि व्यावसायिक किंवा तांत्रिक अभ्यासक्रम असेल, तर शिक्षणाचा काळ आणि वर एक वर्ष, या सवलतीच्या काळातलं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. कॉलेजला नॅक मूल्यांकन किंवा कोर्सला एनबीए मान्यता असावी लागते. नवी म्हणजे पीएम विद्यालक्ष्मी. ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केली. ती ठरावीक दर्जेदार संस्थांपुरतीच आहे, सुरुवातीला अशा ८६० संस्था होत्या: एनआयआरएफ या केंद्राच्या संस्था-क्रमवारीत पहिल्या शंभरातल्या, राज्य सरकारच्या १०१ ते २०० क्रमांकांतल्या आणि केंद्र सरकारच्या सगळ्या. घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर त्या सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सरकार सोसतं. फक्त ३ टक्के. आणि तेही वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांना. शिवाय दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेत असाल तर हे ३ टक्के मिळत नाहीत.

तुमचं उत्पन्न १ लाख ८०. म्हणजे तुम्ही जुन्या, पूर्ण व्याजाच्या योजनेत बसता. कॉलेजचं नॅक-एनबीए आजच बघा. विद्यालक्ष्मीच्या नावामागे धावू नका.

आता ८ लाख ४० हजारांकडे येतो. हा आकडाच चुकीचा आहे. भाऊ कॅपमधून आलाय, ओबीसी आहे, उत्पन्न मर्यादेत आहे. त्याला पूर्ण ट्यूशन फी का भरायची?

खडूफळा

सरांनी माझं वाक्य पळवलं 🙂 मी एका कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात बसते, रोज हेच बघते. पालक पूर्ण फीचा कागद घेऊन बँकेत जातात, बँक तारण मागते, पालक रडवेले होऊन आमच्याकडे येतात. तोवर आमच्या टेबलावर महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा अर्ज भरायचाच असतो.

ताई, भावाला ओबीसीची शिक्षण शुल्क योजना लागू आहे, ट्यूशन फीच्या ५० टक्के. म्हणजे वर्षाला ५७,५०० कमी. डेव्हलपमेंट फी मात्र पूर्ण भरावी लागेल, ती कुणी देत नाही. म्हणजे कॉलेजला वर्षाला ७२,५००, अधिक खोली-मेसचे ८०,०००. १,५२,५००. चौपट करा: ६ लाख १० हजार.

साडेसात लाखांच्या आत आलात. तारणाचा विषय संपला.

आणि हो, मुलगी असती तर याहून सोपं होतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून असेल तर. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, तीही ५० टक्के. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला की हे सगळं हातचं जातं. पालक "मॅनेजमेंटला सीट मिळतेय, घेऊन टाकू" म्हणतात तेव्हा हा हिशेब कुणी सांगत नाही.

कागद: जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमिलेअर, उत्पन्न दाखला, रेशनकार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर. भावाचं बँक खातं आधारला जोडलेलं हवं. नुसतं केवायसीला आधार दिलेलं चालत नाही, एनपीसीआयला सीडिंग हवं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी आधारची नोंद. दर वर्षी निम्म्या पोरांचे पैसे इथं अडकतात.

निळूभाऊ_सातारकर

खडूफळा ताई, माझा अनुभव वेगळा. मुलाच्या कॉलेजनं (नाव घेत नाही) पहिल्या वर्षी पूर्ण फी भरून घेतली. "शिष्यवृत्ती आली की परत देऊ" म्हणाले. ती आली दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीला. मग बँकेकडून कमी रक्कम मंजूर करून घेतली तर कॉलेज दारात उभं करणार नाही, त्याचं काय?

खडूफळा

कॅपमधून आलेल्या पात्र विद्यार्थ्याकडून शिष्यवृत्तीचा हिस्सा प्रवेशाच्या वेळी घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत. घेतात काही ठिकाणी, मान्य. त्यांना लेखी अर्ज द्यायचा, "मी अमुक योजनेस पात्र असून ट्यूशन फीचा ५० टक्के हिस्सा भरत आहे", आणि पोच घ्यायची. ऐकलं नाही तर तंत्रशिक्षण सहसंचालकांचं विभागीय कार्यालय. पुण्यात आहे, छत्रपती संभाजीनगरला आहे, नागपूरला आहे. तिथून फोन गेला की कॉलेजचं सॉफ्टवेअर अचानक अर्धी फी स्वीकारायला लागतं, हे मी पाहिलंय.

बँकेसाठी कॉलेजच्या लेटरहेडवर चार वर्षांचं फी स्ट्रक्चर घ्या आणि त्यात 'शिष्यवृत्ती वजा जाता देय रक्कम' हा वेगळा रकाना मागा. आम्ही असं देतो. सगळीच कॉलेजं स्वतःहून देत नाहीत, मागावं लागतं.

कोरडवाहू_लेक

इतकं सगळं बँकेतल्या साहेबांनी का नाही सांगितलं? खडूफळा ताई, सर, खूप आभार. कॉलेजला नॅक 'अ' आहे आणि ईएनटीसीला एनबीए पण आहे, वेबसाइटवर पाहिलं.

आता उरला पीककर्जाचा मुद्दा. बाबांचं विविध कार्यकारी सोसायटीचं ९० हजारांचं कर्ज दोन हंगाम थकलंय. ते सहअर्जदार असतील तर बँक नाहीच म्हणणार ना?

अर्जदार_मी

सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचा स्कोअर) बघून शैक्षणिक कर्ज नाकारता येत नाही. प्रिंट काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवा.

काळा_कोट

अर्जदार_मी, सर्वोच्च नाही, केरळ उच्च न्यायालय. २०२० मध्ये त्या न्यायालयानं म्हटलं की पालकांचा पतइतिहास समाधानकारक नाही एवढ्यावरून विद्यार्थ्याचं शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही. मुलगा शिकल्यावर फेडू शकेल का, हे बघायचं. २०२३ मध्ये खुद्द विद्यार्थ्याच्या कमी सिबिल स्कोअरबद्दल तसाच निकाल दिला. महाराष्ट्रातल्या शाखेवर हे थेट बंधनकारक नाहीत, पण अर्जात त्यांचा उल्लेख करायला काहीच हरकत नाही. वरिष्ठ कार्यालयात फाईल गेली की वजन पडतं. मात्र टेबलावर आपटू नका. त्यानं काम होत नाही, माणूस फक्त चिडतो.

शाखेबाहेरचा

काळा कोट बरोबर बोलले. मी आतली बाजू सांगतो.

मॅनेजरला थकलेल्या पीककर्जाची भीती का वाटते? शैक्षणिक कर्जात विद्यार्थी मुख्य कर्जदार असतो, पण त्याला आज उत्पन्न नाही. म्हणून पालक सहकर्जदार. सहकर्जदाराचं एक कर्ज आधीच थकलेलं दिसलं की उद्या ऑडिटवाला विचारतो, "दिलंत कशाला?" आणि ते उत्तर मॅनेजरला एकट्याला द्यावं लागतं. त्याच्या खुर्चीतून पाहिलं की 'नाही' म्हणणं सोपं असतं. हे बरोबर आहे असं म्हणत नाही, असं घडतं एवढंच.

वाट काय? आईला सहकर्जदार करा. आयबीएच्या योजनेत आई-वडील किंवा पालक, कुणीही चालतं. सातबारावर आईचं नाव असेल तर उत्तमच, नसेल तरी अडत नाही. तुम्ही नोकरीत आहात, तुमचं नाव अतिरिक्त सहअर्जदार म्हणून काही बँका घेतात, काही नाही. विचारा. पण सही करण्याआधी घरी बोला. तुमचं नाव लागलं की ते कर्ज तुमच्याही सिबिलमध्ये दिसेल आणि उद्या घरकर्ज घेताना मोजलं जाईल.

पीककर्ज मिटवायचं असेल तर एक काळजी घ्या. सोसायटीकडून किंवा जिल्हा बँकेकडून 'एकरकमी परतफेड' योजनेत थोडी सूट घेऊन मिटवलं तर अहवालात ते 'सेटल्ड' म्हणून नोंदलं जाऊ शकतं, आणि बँकांच्या नजरेत 'सेटल्ड' म्हणजे पूर्ण न फेडलेलं. जमत असेल तर थकबाकी भरून खातं नियमित करा आणि त्याचा दाखला फाईलला लावा. सूट घेऊन मोकळं होण्यापेक्षा आत्ता ते फायद्याचं.

आणि शाखा. तुमच्या तालुक्यातली शाखा "कॉलेज पुण्यात आहे, तिथं जा" म्हणेल आणि पुण्याची म्हणेल "तुम्ही आमच्या हद्दीतले नाही." रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच सगळ्या बँकांना कळवलंय की अर्जदाराचं घर शाखेच्या सेवाक्षेत्रात नाही या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये. माझं मत, घराजवळची शाखाच धरा. आई-बाबांना सह्यांसाठी पुण्याला यायला लागणार नाही, आणि पुढच्या चार वर्षांत कर्जाचा दर हप्ता उचलताना कुणीतरी शाखेत जायचंच असतं.

परसदार

सर, तोंडी 'नाही' म्हणतात आणि घरी पाठवतात त्याचं काय करायचं? आमच्या त्या तीन पोरांचं हेच झालं. कागदावर काहीच नाही.

शाखेबाहेरचा

म्हणूनच ऑनलाइन अर्ज. पोर्टलवर अर्ज टाकला की त्याला क्रमांक पडतो, तारीख पडते, आणि बँकेला नकाराचं कारण लिहावं लागतं. तोंडी नकाराची कुठे नोंद होत नाही, म्हणून तो स्वस्त पडतो. नाव सारखं असल्यानं गोंधळ होतो: २०१५ मध्ये सुरू झालेलं विद्यालक्ष्मी पोर्टल वेगळं, पीएम विद्यालक्ष्मीचं नवं वेगळं. शिवाय २०२२ पासूनचं जनसमर्थ. कोणत्या पोर्टलवर टाकायचं ते ज्या बँकेकडून कर्ज घेणार तिलाच विचारा, बँकेप्रमाणे फरक पडतो. यातल्या कुठल्याच सरकारी पोर्टलवर 'प्रोसेसिंग फी' म्हणून कुणाच्या यूपीआयला पैसे पाठवायचे नसतात. तसा फोन आला तर ठेवून द्या.

आयबीएच्या योजनेनुसार अर्जाचा निकाल पंधरा दिवस ते महिन्याभरात लागायला हवा, आणि नकार द्यायचा तर वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते. मुदत उलटली तर आधी बँकेच्या विभागीय कार्यालयाकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. त्याआधी एक मधला दरवाजा आहे जो लोक विसरतात: जिल्ह्याचा अग्रणी बँक व्यवस्थापक. शैक्षणिक कर्ज अग्रक्रम क्षेत्रात, म्हणजे बँकांना ठरावीक प्रमाणात द्याव्याच लागणाऱ्या कर्जांत मोजलं जातं, १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा २५ लाख आहे. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत हे आकडे विचारले जातात. त्यामुळे तिथून एक विचारणा झाली तर शाखेला फाईल सापडते.

हप्तेवारी

मी सध्या फेडतोय, म्हणून हप्त्यांबद्दल लिहितो. सगळे 'मिळणार का' यावर बोलतात, 'किती पडणार' यावर कुणी बोलत नाही.

गणित सोपं जावं म्हणून धरू: चार वर्षं दर वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख, एकूण ६ लाख, व्याज १० टक्के. शिक्षण संपल्यावर एक वर्ष सवलत. या पाच वर्षांत सरळव्याज लागतं. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. एकूण व्याज २ लाख १० हजार. सवलत संपली की हे मुद्दलात मिळवतात आणि ८ लाख १० हजारांवर हप्ता बसतो. दहा वर्षांसाठी साधारण १०,७०० महिना. पंधरा वर्षं घेतली तर ८,७००, पण एकूण भरणा १२ लाख ८५ हजारांऐवजी १५ लाख ६७ हजारांच्या आसपास जातो.

आता ते २ लाख १० हजार केंद्रीय अनुदानातून आले तर? हप्ता ६ लाखांवरच बसतो, दहा वर्षांसाठी ७,९०० च्या आसपास. महिन्याला २,८०० चा फरक, दहा वर्षं. पहिल्या नोकरीत पगार पंचवीस हजार असतो तेव्हा २,८०० म्हणजे खोलीच्या भाड्याचा अर्धा वाटा.

हेच विद्यालक्ष्मीच्या ३ टक्क्यांत बसलात तर २ लाख १० हजारांपैकी ६३ हजार सुटतात. बाकीचे तुमच्याच डोक्यावर.

ज्यांना कुठलंच अनुदान नाही त्यांच्यासाठी: जमलं तर शिकतानाच व्याज भरत राहा. पहिल्या वर्षी ते महिन्याला १,२५० रुपयेच असतं, दुसऱ्या वर्षी २,५००. पुढे वाढतं. बऱ्याच बँका असं व्याज वेळेवर भरलं तर दरात १ टक्का सवलत देतात, मुलींना आणखी अर्धा टक्का बऱ्याच ठिकाणी असतो. मंजुरीपत्रात लिहून घ्या.

आणि करासाठी: भरलेल्या व्याजाची वजावट, ज्याला सगळे ८०ई म्हणतात, तिला वरची मर्यादा नाही, आठ वर्षं मिळते. पण फक्त व्याजाची, मुद्दलाची नाही, आणि जुन्या करपद्धतीतच. नवी पद्धत निवडली की विसरा.

शाखेबाहेरचा

हप्तेवारी, छान मांडलंत. एक भर घालतो. केंद्रीय अनुदान आपोआप येत नाही. शाखेनं दाव्यासाठी तुमचं नाव पाठवावं लागतं, नोडल बँक (सगळ्या बँकांचे दावे हाताळणारी) कॅनरा बँक आहे. उत्पन्नाचा दाखला सक्षम अधिकाऱ्याचा हवा, म्हणजे तहसीलदाराचा. पगारपत्रक किंवा सरपंचाचं पत्र चालत नाही. कर्ज मंजूर होताना फाईलमध्ये दाखला लावला नाही तर नंतर कुणी शोधत बसत नाही. मंजुरीपत्र हातात घेताना विचारायचं, "अनुदानाच्या योजनेत नोंद केली का?" आणि दर वर्षी मार्चनंतर खात्याचं स्टेटमेंट काढून अनुदान जमा झालं का बघायचं. ही सवलत आयुष्यात एकदाच, पदवीला किंवा पदव्युत्तरला. आणि मुलानं मध्येच शिक्षण सोडलं तर थांबते, आजारपण वगळता.

मधल्या_आळीतला

ओबीसी महामंडळाची व्याज परतावा योजना कुणीच नाही लिहिली? महाराष्ट्र राज्य इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळ. राज्यात किंवा देशात शिकायला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, परदेशासाठी २० लाखांपर्यंत. हप्ते नियमित भरणाऱ्याला व्याज परत मिळतं, कमाल १२ टक्क्यांपर्यंत. उत्पन्न मर्यादा ८ लाख. कर्ज बँकेचंच, महामंडळ फक्त व्याज खात्यात टाकतं. जिल्ह्याच्या सामाजिक न्याय भवनात बहुतेक ठिकाणी त्यांचं कार्यालय असतं. अल्पसंख्याक समाजाच्या मुलांसाठी मौलाना आझाद महामंडळ थेट ३ टक्के दरानं शैक्षणिक कर्ज देतं, ते वेगळं.

शाखेबाहेरचा

हो, राहूनच गेलं होतं, धन्यवाद. मात्र एकाच काळातल्या एकाच व्याजावर केंद्र आणि राज्य असे दोन्हीकडून पैसे घ्यायचे नसतात. शिकतानाचं व्याज केंद्राकडून आणि पुढे हप्ते सुरू झाल्यावरचं महामंडळाकडून, असं बसतंय का हे महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात कागद दाखवून विचारा.

जर्सीकर

जरा अवांतर. इथे अमेरिकेत शिकायला येणारी मुलं विचारतात, "तिथलं सरकारी कर्ज मिळेल का?" नाही. फॅफ्सा नावाचा अर्ज भरून मिळणारं फेडरल कर्ज नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि मोजक्या इतर गटांसाठी आहे, एफ-१ व्हिसावरच्या मुलांना नाही. भारतातूनच कर्ज घेऊन यावं लागतं. त्यामुळे मार्जिनचं गणित तिथेच पक्कं करा, परदेशासाठी आयबीएच्या योजनेत ते १५ टक्के आहे.

कोरडवाहू_लेक

सगळ्यांना अपडेट देते.

सोसायटीची थकबाकी बाबांनी आणि मी मिळून भरली, सचिवांकडून दाखला घेतला. अर्ज आईच्या नावानं सहकर्जदार म्हणून केला, पोर्टलवरून, ६ लाख १० हजारांच्या खर्चाचा. कॉलेजनं शिष्यवृत्ती वजा करून फी स्ट्रक्चर दिलं. आधी क्लार्क म्हणाला असा नमुनाच नाही, मग खडूफळा ताईंचा मेसेज जसाच्या तसा वाचून दाखवला.

शाखेत तेच साहेब होते. या वेळी फाईल उघडली. पहिला प्रश्न, "तारण?" आई म्हणाली, "साडेसात लाखांच्या आत आहे ना साहेब." मी तिला गाडीत येताना तेवढंच शिकवलं होतं. साहेबांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मार्जिनचे ५ टक्के?"

इथे मी अडकले. सर, सांगा ना, हे तीस हजार आत्ताच दाखवायचे का?

शाखेबाहेरचा

नाही. मार्जिन वर्षावर्षानं भरायचं असतं, रक्कम उचलताना त्या त्या प्रमाणात. एकदम खात्यात ठेवायची गरज नाही. वर्षाला साडेसात हजारांच्या आसपास पडेल. शिवाय आयबीएच्या योजनेत शिष्यवृत्ती मार्जिनमध्ये धरता येते. पण तुम्ही ती आधीच खर्चातून वजा केली आहे, त्यामुळे पुन्हा दाखवू नका, हिशेब दोनदा होईल आणि साहेबांना चांगलं निमित्त मिळेल. वर्षाचे साडेसात हजार भरतो म्हणा आणि पुढे चला.

सोबत विमा देतील बहुधा, कर्जाच्या रकमेचा. घेणं वाईट नाही, पण हप्ता किती, एकरकमी आहे का, आणि तो कर्जातच धरणार का, हे लेखी विचारा. कर्जात धरला तर त्यावरही व्याज लागतं.

कोरडवाहू_लेक

मंजूर झालं! मंजुरीपत्रात अनुदान योजनेचा उल्लेख नव्हता, तो मागून घातला. पहिली फी थेट कॉलेजच्या खात्यावर गेली. खोलीचे पैसे मात्र पावती आणा म्हणतात. भाऊ कॉलेजच्या वसतिगृहात नाही, बाहेर कॉट बेसिसवर राहतोय. मालक पावती देत नाही.

हप्तेवारी

मालकाशी साधा भाडेकरार करा, नोंदणीकृत 'लिव्ह अँड लायसन्स' झाला तर सगळ्यात बरं. तो तयार नसेल तर भाडं ऑनलाइनच द्या, रोख नको, आणि मेसवाल्याकडून सही-शिक्क्याची पावती घ्या, मेसवाले देतात. कॉलेजकडून 'वसतिगृहात जागा उपलब्ध नाही' असं पत्र आणलं की शाखा सहसा अडवत नाही. लॅपटॉपही या कर्जात बसतो, कोटेशन द्यायचं.

निळूभाऊ_सातारकर

एक प्रश्न. पुतण्या डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जातोय. त्याला हे सगळं लागू आहे का? की पहिल्या वर्षापासूनच घ्यायचं असतं?

शाखेबाहेरचा

लागू आहे. कर्ज तीन वर्षांचं होईल एवढाच फरक. डिप्लोमासाठी आधी कर्ज घेतलं असेल तर तेच खातं वाढवता येतं का ते शाखेत विचारा, आणि व्याज अनुदान डिप्लोमाला घेतलं होतं का ते आधी तपासा. थेट दुसऱ्या वर्षाचं कॅपचं अलॉटमेंट लेटर आणि डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका सोबत ठेवा.